जुन्या जीपगाडीतील अज्ञात ध्वनीचा शोध : एक पद्धतिविचार

चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणारी जुनी जीपगाडी आवाजाविना चालेल अशी अपेक्षा कोणीही करीत नाही. दंतचक्रांची घरघर, टायरांची गुणगुण, कमानींच्या पाट्यांची करकर हे सर्व तिच्या स्वभावाचाच भाग होय. आणि तिचा नित्याचा चालक हे आवाज ऐकूनही न ऐकल्यासारखे करीत असतो. अडचण उत्पन्न होते ती या परिचित आवाजांत एखादा अपरिचित आवाज मिसळू लागला म्हणजे. तो ठराविक वेगास येतो, चढावर वाढतो, कधी दिवसभर लोपतो. मागच्या आसनावर बसलेल्यास तो पुढून येतो असे वाटते, तर पुढे बसलेल्यास मागून.

अशा ध्वनीचा उगम शोधणे हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. तो आवाज चाकाच्या सैल झालेल्या नटांचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा असेल, तर त्याकडे केलेले दुर्लक्ष घाटाच्या वळणावर प्राणावर बेतू शकते. उलटपक्षी, अपुऱ्या परीक्षेवरून सुस्थितीतील डिफरेन्शियल उघडले, तर वर्षानुवर्षे परस्परांशी जुळून झिजलेली क्राउन व्हील व पिनियन ही जोडी विस्कटते. तिच्यामागील पातळ चकत्यांची मापे चुकली की पूर्वी नसलेला एक नवा आवाज निर्माण होतो, आणि मूळचा आवाज तर राहतोच. म्हणून येथे प्रश्न हत्यारांचा नसून अनुमानाचा आहे. एका कार्याची अनेक कारणे संभवत असता त्यांपैकी खरे कारण कसे निश्चित करावे, हा तर्कशास्त्रातील जुना प्रश्न या ठिकाणी लोखंड आणि तेल यांच्या रूपाने पुढे उभा राहतो. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

१. शक्तीचा मार्ग

उदाहरणादाखल विलीज घराण्यातील सीजे-३बी या जीपगाडीची मूळ रचना घेऊ. हा नमुना अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार होत असे. भारतात महिंद्रा आणि महिंद्रा या कंपनीने त्याच वंशातील गाड्या पुढेही दीर्घकाळ बनविल्या, आणि त्यामुळे महाराष्ट्रातील ग्रामीण भागास त्या चांगल्याच परिचित आहेत.

या गाडीत इंजिनाची शक्ती क्लचमधून तीन वेगांच्या गिअरपेटीत, तेथून ट्रान्सफर केसमध्ये आणि तेथून दोन प्रोपेलर शाफ्टांच्या द्वारे पुढील व मागील डिफरेन्शियलकडे जाते. पुढील चाकांची जोडणी एका दांड्याने तोडता वा जोडता येते. दुसऱ्या दांड्याने वेग सुमारे अडीचपट कमी करून ओढ वाढविता येते. प्रत्येक डिफरेन्शियलमध्ये ८ दात्यांचे पिनियन ४३ दात्यांच्या क्राउन व्हीलला फिरविते; म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यास प्रोपेलर शाफ्टाचे ५.३७५ फेरे होतात.

या रचनेतील दोन गोष्टी पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी, की या ट्रान्सफर केसमध्ये उच्च वेगातही शक्ती सरळ आरपार जात नाही. ती मधल्या दंतचक्रावरूनच जाते. त्यामुळे पुढील चाके जोडलेली नसली तरी ट्रान्सफर केस भाराखालीच काम करीत असते. दुसरी अशी, की मोकळे सोडता येणारे हब बसविलेले नसतील, तर पुढील चाकांची जोडणी तोडल्यावरही पुढील डिफरेन्शियल व पुढील प्रोपेलर शाफ्ट फिरतच राहतात. त्यांना इंजिन फिरवीत नाही. रस्त्यावर धावणारी चाकेच त्यांना फिरवितात. ‘पुढची जोडणी काढली, तरीही आवाज येतो, म्हणून दोष पुढे नाही’ हे अनुमान वारंवार केले जाते. या गाडीपुरते ते साफ चुकीचे आहे.

२. कान का फसतो

ध्वनीची दिशा ठरविण्याची मानवी कानाची शक्ती मर्यादित आहे. मंद कंपनसंख्येच्या ध्वनीची दिशा दोन्ही कानांवर पोचणाऱ्या लहरींच्या कलांतरावरून कळते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये प्रतिपादिले. परंतु हे मोकळ्या जागेत. गाडीत ध्वनी धातूच्या चौकटीतून सर्वत्र पसरतो आणि मग तळाचा पत्रा, चाकांवरील कमानी, पुढील काच यांपैकी जो भाग त्या कंपनास साद देईल तेथून तो हवेत शिरतो. दर सेकंदास २०० कंपनांच्या ध्वनीची हवेतील लहर सुमारे १.७ मीटर लांबीची असते, म्हणजे जवळजवळ बसण्याच्या जागेएवढीच. त्यामुळे आवाज ‘कोठून येतो’ या प्रश्नाचे आसनावर बसून दिलेले उत्तर प्रायः तो ‘कोठे निनादतो’ याचे उत्तर असते.

एखादा आवाज केवळ ताशी ४० ते ४५ किलोमीटर या पट्ट्यातच येत असेल, तर तेथे निनादाचा संशय विशेषेकरून घ्यावा. पत्र्यावर हात दाबून धरला असता तो थांबला, तर पत्रा हा ध्वनीचा वाहक ठरतो, जनक नव्हे. पत्रा आवळून आवाज बंद करणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करण्यासारखेच होय.

३. फेऱ्यांचे गणित

कानास दिशा कळत नसली तरी ताल आणि स्वर उत्तम कळतात. फिरणाऱ्या यंत्रातील जवळजवळ प्रत्येक दोष कोणत्या तरी फेऱ्याशी बांधलेला असतो. म्हणून आवाजाची कंपनसंख्या ही त्याची पहिली ओळख मानता येते.

६.००-१६ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर अंतर काटतो असे धरू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास ११.१ मीटर, अर्थात चाक सेकंदास सुमारे ५ फेरे करते आणि प्रोपेलर शाफ्ट सुमारे २७. यावरून त्या वेगास निरनिराळ्या दोषांच्या कंपनसंख्या पुढीलप्रमाणे येतात : चाकाचा तोल गेला असल्यास सेकंदास ५, प्रोपेलर शाफ्ट वाकला असल्यास २७, त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटामुळे ५४, आणि क्राउन व्हीलच्या ४३ दात्यांमुळे सुमारे २१७. पहिला हादरा सुकाणूचक्रावर हातास जाणवतो. दुसरा व तिसरा अंगास आणि आसनास. शेवटचा मात्र स्पष्ट स्वर म्हणून कानास ऐकू येतो.

युनिव्हर्सल जॉइंटाचा आकडा दुप्पट का, याचा थोडा खुलासा आवश्यक आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्डानो यांच्या नावाने ओळखला जाणारा हा सांधा कोनात फिरत असता समगतीने गती देत नाही. शाफ्टांमधील कोन १० अंशांचा असेल, तर चालित शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का पुढे धावतो व दोनदा तेवढाच मागे पडतो. २० अंशांस हा फरक सहा टक्क्यांवर जातो. एकाच शाफ्टाच्या दोन्ही टोकांस समान कोनाचे दोन सांधे बसवून ही विषमता परस्परांत फेडली जाते. मात्र त्यासाठी शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे काटे एकाच पातळीत असले पाहिजेत. शाफ्ट मधल्या सरकत्या जोडापाशी वेगळा करून खुणा न पाहता पुन्हा जोडला, तर काटे तिरपे बसतात आणि फेड होण्याऐवजी विषमता शिल्लक उरते. दुरुस्तीनंतरच सुरू झालेला हादरा सेकंदास २७ ऐवजी ५४ या संख्येचा आढळला, तर नवा सांधा विकत घेण्यापूर्वी काट्यांच्या खुणा पाहाव्यात.

हे गणित करण्यापूर्वी एक दक्षता आवश्यक आहे. जुनी गाडी ही एक वस्तू नसून तिच्या दुरुस्त्यांचा संग्रह असते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपमध्ये दात्यांचे प्रमाण ३९ ला ८, म्हणजे ४.८७५ असे होते. त्या गाडीचा धुरा नंतरच्या गाडीस बसविलेला असणे अशक्य नाही. तेव्हा गाडी हाताने ढकलून चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात प्रत्येक प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो हे खडूच्या खुणेने मोजावे. एक शाफ्ट पाचाहून थोडा अधिक आणि दुसरा पाचाहून थोडा कमी फिरला, तर शोध येथेच संपतो. कारण अशा गाडीत चारही चाके जोडली की पुढचा व मागचा धुरा दहा टक्क्यांच्या फरकाने एकमेकांशी झगडू लागतात.

४. व्यतिरेकाच्या कसोट्या

कंपनसंख्येवरून संशयितांची यादी आखूड होते, परंतु निर्णय होत नाही. निर्णयासाठी परिस्थितीतील एकच घटक बदलावा आणि आवाजावर होणारा परिणाम पाहावा. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात सांगितलेल्या पद्धतींपैकी सहचारी परिवर्तनाची पद्धती आणि व्यतिरेकपद्धती या दोहोंचा येथे प्रत्यक्ष उपयोग होतो.

पहिली कसोटी गिअर बदलण्याची. तोच रस्ता, तोच वेग; फक्त तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर. ताशी ४० किलोमीटरला इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटास सुमारे १,६०० फेरे करते, तर दुसऱ्यामध्ये सुमारे २,५००. स्वर चढला, तर दोष इंजिन, क्लच वा गिअरपेटीच्या आरंभीच्या भागात आहे. स्वर तोच राहिला, तर तो गिअरपेटीच्या पुढे, रस्त्याच्या वेगाशी बांधलेल्या भागात आहे. या एका कसोटीने निम्मे यंत्र निर्दोष ठरते.

दुसरी कसोटी भाराची. वेग न बदलता ॲक्सिलरेटर दाबावा, मग सोडावा. ओढताना क्राउन व्हीलच्या दात्यांची एक बाजू भार घेते. पाय सोडल्यावर चाके इंजिनास ओढू लागतात आणि दुसरी बाजू भार घेते. दात्यांचा वा पिनियनच्या बेअरिंगचा आवाज या पालटाबरोबर बदलतो. चाकाचे बेअरिंग आणि टायर यांना हा पालट जवळजवळ जाणवतच नाही.

तिसरी कसोटी वळणाची. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळताना डाव्या चाकांवर. एकाच दिशेच्या वळणावर वाढणारा आवाज बाहेरच्या बाजूच्या बेअरिंगकडे बोट दाखवितो. चौथी कसोटी रस्त्याच्या पृष्ठभागाची : डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर किंवा मातीवर जाताच जो आवाज बदलतो तो बहुधा टायरचा असतो.

५. टायर की क्राउन व्हील

या कसोट्यांचे खरे मोल दोन कारणे एकमेकांसारखी दिसू लागतात तेव्हा कळते. टायरच्या परिघावर खोल नक्षीचे ४० ठोकळे आहेत असे समजू. चाक सेकंदास ५ फेरे करीत असता ते रस्त्यावर सुमारे २०० आघात करतात. क्राउन व्हीलचे दाते सुमारे २१७. या दोन स्वरांचे प्रमाण ४३ ला ४०, म्हणजे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्या १६ ला १५ या प्रमाणाहून किंचितच अधिक आहे. हलत्या गाडीत, इतर आवाजांच्या गलबल्यात, एकच स्वर ऐकून तो यांपैकी कोणता हे सांगणे तरबेज कानासही दुष्कर होय.

शिवाय वेग वाढविला तरी उलगडा होत नाही. दोन्ही स्वर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेले असल्यामुळे ते एकत्रच चढतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक वेगास तेच राहते. सहचारी परिवर्तनाची पद्धती येथे कुंठित होते. ‘वेगाबरोबर आवाज वाढतो, म्हणून डिफरेन्शियल’ हे जे अनुमान कारखान्यात नित्य ऐकू येते त्यात हाच दोष आहे : जे दोन्ही कारणांस सारखेच लागू पडते, ते त्यांपैकी एकाचे प्रमाण होऊ शकत नाही.

भेद होतो तो व्यतिरेकाने. ॲक्सिलरेटर सोडताच स्वर क्षीण झाला किंवा त्याची जात बदलली, तर दोष दात्यांकडे जातो, कारण टायरच्या ठोकळ्यांस इंजिनाच्या ओढीचे फारसे सोयरसुतक नसते. उलट पाय दाबला काय नि सोडला काय, आवाज तोच. परंतु मातीच्या रस्त्यावर तो नाहीसा झाला, तर डिफरेन्शियलला हात लावण्याचे कारण नाही. त्यानंतर टायरांची पुढची व मागची जोडी अदलाबदल करून पाहावी. आवाजाने जागा बदलली, तर अनुमानास पुष्टी मिळते. एका तासाच्या या परीक्षेने एक सुस्थितीतील यंत्र उघडले जाण्यापासून वाचते.

आज भ्रमणध्वनीच्या साहाय्याने कोणासही ध्वनीचा वर्णपट पाहता येतो, आणि २०० व २१७ हे आकडे वेगळे दिसू शकतात. ही मदत मोठी आहे. तथापि त्यासाठी त्या क्षणीचा नेमका वेग ठाऊक हवा. जुन्या गाडीचा वेगदर्शक दहा टक्क्यांनी जरी चुकत असला, तरी हा सर्व भेद त्या चुकीत बुडून जातो. उपकरण संख्या देते. कारण शोधण्याचे काम तरीही परीक्षकाकडेच राहते.

६. पुढील धुऱ्याची परीक्षा

पुढचे आणि मागचे क्राउन व्हील दोन्ही ४३ दात्यांचीच असल्यामुळे त्यांच्यात स्वराने भेद करणे तत्त्वतःच अशक्य आहे. येथे अवशेषपद्धती उपयोगी पडते : फिरणाऱ्या भागांपैकी एकेक समूह थांबवीत जावे आणि काय उरते ते ऐकावे.

प्रथम पुढील चाकांची जोडणी दांड्याने तोडावी; यामुळे पुढील भागावरील भार जातो, पण फेरे राहतात. नंतर पुढील प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवावा. आता शाफ्ट आणि त्याचे सांधे गप्प झाले, परंतु चाकांच्या ओढीने डिफरेन्शियल अद्याप फिरत आहे. शेवटी पुढील दोन्ही हबांवरील चालक चकत्या काढून त्या जागा धूळ जाणार नाही अशा झाकाव्यात. आता अर्धशाफ्ट व डिफरेन्शियलही थांबतात आणि पुढे केवळ चाके व त्यांची बेअरिंगे फिरतात. ज्या पायरीवर आवाज थांबला, त्या पायरीने थांबविलेल्या समूहात त्याचा उगम आहे.

चारही चाके जोडलेली असता कोरड्या, घट्ट रस्त्यावर होणारा एक आवाज मात्र दोषाचा नसून वापराचा असतो. या गाडीत पुढच्या व मागच्या शाफ्टांमध्ये डिफरेन्शियल नाही. दोन्ही शाफ्ट समान वेगानेच फिरू शकतात. परंतु वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात. दोन धुऱ्यांमधील अंतर २.०३ मीटर आणि मागील धुऱ्याच्या मध्याची वळणत्रिज्या ६ मीटर धरली, तर पुढील धुऱ्याची त्रिज्या ६.३३ मीटर येते. काटकोनात एक वळण घेताना पुढची चाके सुमारे अर्धा मीटर अधिक चालतात. प्रोपेलर शाफ्टाच्या हिशेबाने हा फरक सव्वा फेऱ्याहून थोडा अधिक होतो. मातीत चाके घसरून तो भरून निघतो. डांबरी रस्त्यावर तो शाफ्टांत पीळ होऊन साठतो, आणि एखादे चाक अकस्मात घसरले की ‘खाड्’ असा आवाज होऊन मोकळा होतो. जोडणीचा दांडा अडकून बसणे हे याचे दुसरे लक्षण. गाडी थोडी सरळ मागे घेतली की पीळ उतरतो. असा आवाज ऐकून ट्रान्सफर केस उघडणाऱ्यास आत काहीही सापडत नाही.

७. बेअरिंगचा ताल

एका ध्वनीचा उलगडा वरील गणिताने होत नाही. गाडी माणसाच्या चालीने चालविली असता येणारी ‘टक्’ चाकाच्या फेऱ्याशी जुळत नाही; ती त्याहूनही मंद असते. चाकाहून मंद फिरणारी वस्तू गाडीच्या धुऱ्यात कोणती, असा प्रश्न मग पडतो. तिचे उत्तर बेअरिंगमधील रोलरांचा पिंजरा हे होय. एक कडे स्थिर व दुसरे फिरते असता पिंजऱ्याचा वेग त्या दोहोंच्या दरम्यान असतो. एखादा रोलर खवलेला असेल, तर पिंजऱ्याच्या फेऱ्यागणिक तो भाराच्या जागेतून जातो आणि आवाज उठतो. पुढील चाकात बाहेरचे कडे फिरते, म्हणून चाकाच्या ५ फेऱ्यांस पिंजऱ्याचे सुमारे ३ फेरे होतात. मागील चाकात आतले कडे शाफ्टाबरोबर फिरते, म्हणून ५ फेऱ्यांस सुमारे २. नुसत्या मोजणीने पुढे की मागे हे सुचविणारी ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

८. क्रम कोणता असावा

आतापर्यंतचा विचार ज्ञानाच्या दृष्टीने झाला. प्रत्यक्ष परीक्षेचा क्रम मात्र संभाव्यतेवरून नव्हे, तर धोक्यावरून ठरविला पाहिजे. अज्ञात आवाजाचे सर्वात संभाव्य कारण टायर हे असेल. पण सर्वप्रथम पाहावयाचे ते चाकांचे नट, मग चाकांची बेअरिंगे व सुकाणूचे सांधे, मग प्रोपेलर शाफ्टाचे बोल्ट व जॉइंट. यांपैकी कशाचीही शंका असेल, तर गाडी चालवून करावयाच्या कसोट्या तेथेच थांबवाव्यात. अशा अनेक जुन्या जीपगाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला मनुष्य नट आवळीत आहे असे समजून तो सैल करील, किंवा सैल करण्याच्या प्रयत्नात बोल्ट तोडील.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. या गाडीचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टावर असतो. मागील एक चाक जॅकने उचलताच डिफरेन्शियल त्या चाकास मोकळे फिरू देते आणि जमिनीवरील दुसरे चाकही हातब्रेकच्या बंधनातून सुटते. म्हणून हातब्रेकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी आणि धुरा भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. तसेच चारही चाके जोडलेली असता एकच धुरा उचलून इंजिनाने चाके फिरवू नयेत. जमिनीवरचा धुरा गाडी ठोकळ्यांवरून पुढे ओढील.

धोक्याची कारणे दूर झाल्यावर दुसरा क्रम खर्चाचा. जे पाहण्यास, आवळण्यास वा अदलाबदल करण्यास काहीच मोडावे लागत नाही ते आधी. ज्यासाठी यंत्र उघडावे लागते ते सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी व तिची नोंद ठेवावी. एकाच दिवशी टायर बदलले, तेल बदलले आणि सांधाही नवा बसविला, व आवाज गेला, तर गाडी सुधारली खरी. परंतु कारण कळले नाही, आणि आवाज परत आल्यास शोध पुन्हा आरंभापासून करावा लागेल.

सारांश, आवाज ऐकून लगेच नाव सांगणारा कारागीर अनेकदा बरोबर असतो, कारण त्याच्या कानामागे शेकडो गाड्यांचा अनुभव असतो. परंतु तो चुकतो तेव्हा का चुकला हे त्यास सांगता येत नाही. वर सांगितलेली रीत मंद आहे. तीत प्रत्येक पायरीवर केवळ एवढेच निश्चित होते, की दोष अमुक भागात नाही. तथापि अशा नकारांच्या अखेरीस उरणारे कारण अंदाजाने नव्हे, तर प्रमाणाने हाती आलेले असते. आणि मगच डिफरेन्शियलच्या झाकणाच्या पहिल्या बोल्टाला पाना लावणे योग्य ठरते.